सूर्यभानदादांची तोडी

सात वर्षं अजीजनं आप्पासाहेबांचा पिच्छा पुरवला होता. आप्पासाहेब नगरच्या एका संगीत मंडळाचे चिटणीस, अजीज पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेला हॉर्नवादक. त्याचा हट्ट एकच : हॉर्नसाठी रागांत बंदिशी बांधणाऱ्या सूर्यभानदादांच्या रचना जाणकारांनी एकदा तरी ऐकाव्यात. शेवटी बहात्तरच्या डिसेंबरात मंडळानं 'उपेक्षित रचनाकार' असा कार्यक्रम ठरवला आणि अजीजला वाटलं, जिंकलो.

सूर्यभान त्याच बँडमधले. अजीजला हॉर्न धरायला त्यांनीच शिकवलं. नेवाशाजवळच्या, गावकुसाबाहेरच्या होलार वस्तीतला माणूस. पितळी हॉर्नच्या फुललेल्या तोंडात पंजा घालून ते सूर असा दाबत, की तोडी रागाचा कोमल रिषभ गळ्यातून यावा तसा यायचा. आता पुढचे दात पडले होते, फुंक टिकत नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडत होते. रविवारी सकाळी एसटीनं आले ते धुवट सदरा घालून, बोटांना चिंध्या गुंडाळून.

मंडळाच्या दारातच आप्पासाहेबांनी अजीजच्या हातातल्या हॉर्नकडे बघून नाक मुरडलं.

"यातून थुंकी गळते म्हणे?"

"थुंकी नाही साहेब, श्वासाच्या वाफेचं पाणी होतं," अजीज म्हणाला.

"तेच ते. आमच्या सतरंजीवर नको."

व्यासपीठाच्या खाली, जमिनीवर गोणपाट अंथरलं गेलं. अजीजनं तिथं बसून वाजवायचं. दादांना जागा मिळाली चपलांपाशी. चहा आला. सगळ्यांना कपबश्या, दादांना खिडकीत पालथा ठेवलेला, कान तुटलेला कप. "विसळून जागेवर ठेवा हं," आप्पासाहेब गोड आवाजात म्हणाले.

 तोंडातला चहा अजीजला गिळवेना. तेव्हाच उठायला हवं होतं. पण सात वर्षांची धडपड मातीत जाईल म्हणून तो बसून राहिला, आणि त्यानं दादांची तोडी वाजवली.

वाजवली मात्र जीव ओतून. लोक डोलले. मग आप्पासाहेब बोलायला उभे राहिले. "एका अडाणी वाजंत्र्याच्या तोंडी उरलेली ही पारंपरिक रचना आपल्या मंडळानं उजेडात आणली." नाव घेतलंच नाही. पायरीवर उभं राहून, हात लागणार नाही इतक्या वरून त्यांनी दादांच्या ओंजळीत नारळ टाकला. मागं नोकर काठीनं गोणपाट उचलत होता.

"स्वरलिपीची वही ठेवून जा," आप्पासाहेब अजीजला म्हणाले. "स्मरणिकेत छापू."

"नाव कुणाचं?"

"पारंपरिक म्हणू. त्याच्या नावाला कोण विचारतंय?"

"वाफेच्या पाण्याची तुम्हाला किळस येते," अजीज म्हणाला, "मला तुमची येते." वही बगलेत मारून तो बाहेर पडला.

एसटी स्टँडवर दादा नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

"दुसऱ्या आवर्तनाला घाई केलीस," ते म्हणाले.

"दादा, त्या लोकांनी तुमची..."

"त्यांचं सोड. त्यांचं मला नवं न्हाई. कप दिला तवा तू बी बघितलंस की. अन् मंग वाजीवलंस."

अजीजला मंडळाची घाण वाटत होती तशीच आता स्वतःचीही वाटू लागली.

पुढच्या शुक्रवारी भिंगारला एका निकाहाची वरात होती. अजीजनं आपला लग्नाचा बँड चौकात थांबवला आणि ओरडून सांगितलं, "नेवाशाच्या सूर्यभानदादांनी बांधलेली तोडी!" नवऱ्याचा मामा पीरमहंमद तावातावानं आला.

"अरे, पिक्चरचं गाणं वाजवा! ह्ये काय लावलंय?"

"हे झाल्यावर."

"न्हाई तर दुसरा बँड बोलवीन."

"बोलवा," अजीज म्हणाला आणि त्यानं तोडी शेवटपर्यंत वाजवली.

दुसरा बँड खरंच आला. त्या मोसमात अजीजच्या निम्म्या सुपाऱ्या गेल्या, पण अट सुटली नाही : आधी दादांची एक रचना, नाव घेऊन, मग हवं ते गाणं. दोन वर्षांत राहुरीच्या एका बँडमास्तरनं दादांच्या रचनांची वही उतरवून घेतली, तीही नावासकट. आप्पासाहेबांनी वही घेऊन यायला पुन्हा दोनदा बोलावणं धाडलं. दोन्ही वेळा अजीजनं निरोप्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं आणि त्या तुटक्या कपाच्या आठवणीनं दिवसभर त्याचं तोंड कडू राहिलं.