मार्चचं पत्र

रौशन आणि कुरालाय कझाकस्तानातल्या तराझ शहरात एकाच गल्लीत वाढल्या. पुढे अल्माटीत रौशन प्रसूतिगृहात नर्स झाली, कुरालाय शेअर दलालांच्या एका पेढीत लागली. दर सोमवारी गुंतवणूकदारांसाठी तिचं पत्र निघायचं: बाजाराचा रागरंग काय, पुढे काय करावं. तिची रीत साधी. चांगली कंपनी निवडायची, दर महिन्याला थोडे शेअर घ्यायचे, भाव पडला तरी जागचं हलायचं नाही. रौशनने सहा वर्षं हे व्रतासारखं पाळलं. रौशनच्या शब्दावर वॉर्डातल्या चौघी नर्सनीही तिच्यासारखेच तांब्याच्या खाणीच्या एका कंपनीचे शेअर घेतले.

मार्चमध्ये त्या कंपनीचा भाव डळमळला. पत्रात आलं, "घाबरू नका. धरून ठेवा." सगळ्यांनी धरून ठेवले. जूनपर्यंत भाव निम्म्यावर आला.

ऑगस्टमध्ये कुरालायच्या नव्या घराची मेजवानी होती. उकडलेल्या मांसाचं नि रुंद शेवयांचं, बेशबर्माकचं मोठं ताट मधोमध आलं. कुरालायच्या आईने रौशनला शेजारी बसवून घेतलं नि कौतुकाने म्हणाली, "पोरगी हुशार गं माझी! मार्चमध्येच खाणीचे सगळे शेअर विकून मोकळी झाली, म्हणून तर हे घर."

रौशनचा घास हातातच राहिला. तिने कुरालायला स्वयंपाकघरात गाठलं.

"मार्चमध्ये विकलेस? आणि आम्हाला लिहिलंस, धरून ठेवा?"

"हळू बोल गं, पाहुणे आहेत. पत्र पेढीचं असतं. शेअर माझे होते."

"आणि मी? मी कोणाची होते?"

"तुला सांगितलं असतं तर तू वॉर्डभर केलं असतंस." कुरालाय पेले पुसत राहिली. "शिवाय तूच म्हणायचीस ना, दहा वर्षं शेअरच्या भावाकडे बघायचंही नाही म्हणून?"

रौशन न जेवताच निघाली. त्यानंतर कुरालायचे फोन तिने घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला तिने चौघींना सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. मग आयझादा, सगळ्यांत धाकटी, जिला रौशनने हात धरून सलाईन लावायला शिकवलं होतं, चाचरत म्हणाली, "आपा, रागावू नका. तुम्ही कधी विकलेत?"

रौशनने मोबाइलवर आपल्या शेअरांच्या खरेदी-विक्रीची यादी उघडली नि तो टेबलावर ठेवला. चौघी त्यावर वाकल्या. एकीने चष्माही लावला.

रौशन खिडकीशी जाऊन उभी राहिली. "नाही गं, एकही विकलेला नाही," कुणीतरी म्हणालं. तिने मागे वळून पाहिलं नाही.