फक्रुद्दीनच्या गोळ्या

फक्रुद्दीन श्रीगोंद्यात घरोघरी जाऊन गाद्या भरायचा. हल्ली सुईत दोरा ओवताना त्याचे हात थरथरायचे, झोप उडालेली, आणि जरा काही विचारलं की बायकोच्या अंगावर यायचा. गेला महिनाभर सकीनाला हे खटकत होतं. मग सदरा धुताना खिशात गोळ्यांचं पाकीट निघालं.

"हे काय हाय?"

"सर्दीचं." त्यानं पाकीट हिसकावून घेतलं.

दोन दिवसांनी कापसाच्या पोत्यात तिला ते पाकीट सापडलं आणि सोबत आणखी एक, वेगळ्याच नावाचं. सर्दीचं औषध असं कुणी दडवतं? नशेच्या गोळ्यांबद्दल तिनं ऐकलं होतं. साठी उलटल्यावर हे थेर?

दुपारी तो नमाजला गेल्यावर दोन्ही पाकिटं घेऊन ती थेट मेडिकलमध्ये गेली. दुकानातल्या अपूर्वानं ती उलटसुलट करून पाहिली.

"चाची, नशा नाही ही. दोन्ही सर्दीच्याच. एकेका गोळीत दोन औषधं असतात. एकानं शिंका थांबतात, दुसऱ्यानं चोंदलेलं नाक मोकळं होतं. पण त्या दुसऱ्यानं छाती धडधडते, झोप जाते. चाचांना बीपी आहे ना?"

"हाय की."

"मग ही घ्यायलाच नको होती. आणि नावं वेगळी असली तरी आत औषधं तीच. म्हणजे दुप्पट झाली. आजच डॉक्टरांकडे न्या."

"तूच दिल्यास न्हवं?"

"आमच्याकडच्या नाहीत, चाची."

सकीनानं तिच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग घरी जाऊन नवऱ्याला दंडाला धरूनच दवाखान्यात नेलं. बीपी एकशे नव्वद निघालं. डॉक्टरांनी दरडावल्यावर फक्रुद्दीन बोलता झाला.

"कापूस उडला की शिंका सुरू. एका बाईनं दारातूनच परत लावलं. म्हनली, घरात लेकरू हाय, तुमचा रोग नको. एका गोळीनं भागंना, मग दुसऱ्या दुकानातून दुसरी आनली."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"काम बंद केलं असतंस."

"केलंच असतं!" सकीना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तो कुठल्या नादाला लागला असेल याचा ती महिनाभर विचार करत होती. दारातून हाकललेला नवरा तिच्या मनातही आला नव्हता.

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या, बीपीची गोळी बदलली, नाकात मारायचा फवारा दिला आणि काम करताना मास्क लावायला सांगितलं. फक्रुद्दीन उठला. सकीना मात्र फवाऱ्याची बाटली हातात धरून तिथंच बसली.

"डॉक्टर, ह्यात किती औषधं हायेत?"

"एकच."

"नक्की?"