तुझ्याकडे असतील ना

ठमीला वास्तुकलेच्या कॉलेजात जागा मिळाली होती आणि ती राखायची तर आज संध्याकाळपर्यंत पैसे भरायला हवे होते. दातांच्या कवळ्या बनवणारे तिचे बाबा मात्र निवांत होते. नव्या सोफ्यावर पाय पसरून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली, "अगं, पोरीचे पैसे भरून टाक गं."

"मी कुठून?" चष्म्याच्या दुकानात काम करणारी आई हात पुसत बाहेर आली. "तुमच्यातून भरा. साठवलेत ते कशासाठी?"

"साठवतेस तू. घर मी चालवतो."

"अहो, घर मी चालवते!"

ठमी एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत राहिली.

या घरात एकमेकांच्या पगारात नाक खुपसायचं नाही अशी रीत होती आणि दोघांना तिचा भारी अभिमान. बाबांनी भांडी धुण्याचं मशीन आणलं, तेव्हा आईला वाटलं, एवढं उधळतायत म्हणजे गाठीला बक्कळ असणार. मग तिने त्यांच्या वाढदिवसाला हप्त्यावर सोफा घेतला. सोफा बघून बाबांना वाटलं, हिने चांगलंच साठवलेलं दिसतंय! एकाचा खर्च बघून दुसऱ्याला धीर येई.

दोघांनी आपापली खाती उघडून दाखवली. दोन्हीकडे खडखडाट.

बाबांना काही उमगेना. चोरी नाही, आजारपण नाही, कुणाला उसने दिलेले नाहीत. कवळीच्या साच्यातलं मेण वितळून जातं, पण ते कुठे गेलं हे त्यांना बोट ठेवून दाखवता आलं असतं. हे पैसे कुठून वाहून गेले?

"सोफा विकू," ते म्हणाले.

"हप्ते फिटेपर्यंत विकता येत नाही. तुमचं मशीन?"

"त्याचंही तेच." ते चटकन सोफ्यावरून उठले, जणू परक्याच्या घरात न विचारता बसले होते.

तेवढ्यात बाबांच्या फोनवर बँकेचा निरोप झळकला. बाबांचा चेहरा उजळला. "हे बघ, आहेत की! फीपेक्षा जास्तच आहेत."

"बाबा, ते कर्ज आहे. बँक देऊ करतेय."

"हो गं, पण आहेत ना?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. आईने मान डोलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. आहेत म्हणावं की नाहीत, तिलाही ठरवता येईना.

ठमीने बाबांच्या हातातून फोन काढून घेतला. "मी पुढच्या वर्षी जाईन. तोवर नोकरी बघते. फक्त एक करा, तुम्ही दोघं एकमेकांना काही घेऊन देऊ नका."

ती आत गेली. पोरगी समजूत घालून गेली की कान उपटून गेली, हे बाबांना कळेना. त्यांनी आईकडे पाहिलं.

"किती मिळतो गं तुला पगार?" त्यांनी दबकत विचारलं.

आई लाजली. लग्नानंतर इतका खासगी प्रश्न त्यांनी तिला कधी विचारलाच नव्हता.