तीन शिट्ट्या, सगळे जमा

माझ्या संसारातला निम्मा वेळ माफ्या मागण्यात गेला. माझ्यासाठी नव्हे, ह्यांच्या वतीने. हे शाळेत पी.टी.चे सर होते. मुलं त्यांना शिट्टी सर म्हणायची, आणि शाळा सुटली म्हणून ती शिट्टी गळ्यातून उतरायची असं काही नव्हतं. बँकेत कोणी रांग मोडली की हे त्याला मागे धाडायचे, मग तो मॅनेजरचा मेव्हणा का असेना. शेजाऱ्याने गाडी तिरकी लावली की त्याला दार वाजवून खाली बोलवायचे आणि सरळ लावून घ्यायचे. ह्यांचं काम संपलं की माझं सुरू व्हायचं. मी मागच्या मागे जाऊन म्हणायचे, "मनावर घेऊ नका हो, स्वभावच तसा आहे, पोटात काही नसतं."

गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली, आणि तेव्हापासून मला कोणाची एकदाही माफी मागावी लागली नाही.

ऐकायला बरं वाटतं. राहायला नाही. घरात ह्यांचं ना हूं ना चूं. आमटीत मीठ विसरले तरी निमूटपणे जेवायचे. टीव्ही बंद करू का? कर. पंखा वाढवू का? तू म्हणशील तसं. त्या "तू म्हणशील तसं"ची मला धडकीच भरायला लागली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा सुंभ डॉक्टरांनी छान जोडून दिला होता, पीळ तेवढा कुठेतरी राहून गेला. शिट्टी स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती, चहाच्या गाळणीशेजारी. डॉक्टर म्हणाले होते, चाला, चढा, हवं ते करा. ह्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन खुर्चीत बसले ते बसलेच.

डोंगरात जायची कल्पना माझ्या नणंदेची. ती ह्यांची धाकटी बहीण, केस पांढरे झाले तरी अंगात किडे तेवढेच. "दादाला हवा बदलू दे," म्हणाली, आणि आमचं पण बुकिंग करून मोकळी झाली. त्या गावात करण्यासारखं पुष्कळ होतं: चढायला टेकडी, तारेवरून लोंबकळत जायला झिपलाइन, घोडे, दोरीचे पूल. मी मात्र ज्या गोष्टी बसून करता येतात तेवढ्याच निवडल्या. तळ्यात नाव, ती बसून. रोपवे, तो बसून. बागेत बाक होते. डोंगरात जाऊन बसण्याच्या जितक्या जागा असतात तितक्या मी शोधून काढल्या, आणि प्रत्येक जागी ह्यांना कानटोपी घालून बसवलं.

रोपवेच्या रांगेत व्हायचं ते झालं. एक धडधाकट गृहस्थ चौघांना घेऊन आले आणि सरळ आमच्या पुढे घुसले. मी सवयीने माफीची तयारी केली. चेहरासुद्धा तसा करून ठेवला. ह्यांनी त्या गृहस्थांकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले. त्यांना जागा करून दिली. पाळण्यात बसल्यावर खाली सगळी दरी हिरवीगार पसरली होती. सगळे वा वा करत होते. मला रडू येत होतं.

"वहिनी, हा दादा नाही," नणंद मला खाली उतरल्यावर बाजूला घेऊन म्हणाली. "रांग मोडली आणि गप्प बसला?"

"मग मी काय करू? मला काय हे आवडतंय?"

"तू त्याला उठू तरी देतेस का? इथे बस, तिथे बस. बसून बसून माणूस बसकाच होणार ना."

मी तिच्यावर खेकसले. तुला काय जातंय बोलायला, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर कोण बसलं होतं, वगैरे. पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. मला माझा भांडखोर नवरा परत हवा होता, आणि तो बाकावरून उठायलाही नको होता. दोन्ही एकदम कसं मिळणार, हे कळायला पदवी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेने झिपलाइनचा हट्ट धरला. टेकडीच्या पायथ्याशी चहाची टपरी होती, तिच्याशेजारी मी ह्यांना बाकावर बसवलं. शाल दिली, पाण्याची बाटली दिली.

"आम्ही आलोच. इथून हलू नका."

"तू म्हणशील तसं," हे म्हणाले.

झिपलाइनवरच्या बाईंनी नणंदेला पट्टे बांधता बांधता सगळ्या नियमांची उजळणी केली. वर टेकडीवर जाणार असाल तर पायवाट सोडू नका. कोणी पडलं, चुकलं, छातीत दुखलं तर तीन शिट्ट्या वाजवा. डोंगरात तीन शिट्ट्या म्हणजे संकट, ऐकल्या की बचाव पथक खालून निघतं. तशी मोठी पाटीही टेकडीच्या फाटकाशी लावली होती. छातीत दुखलं हे शब्द माझ्या कानात अडकून बसले. नणंद एवढ्या मोठ्याने ओरडत त्या तारेवरून गेली की मला वाटलं पथक आत्ताच निघेल.

आम्ही परत आलो तर बाकावर शाल होती. नीट घडी केलेली. तिच्यावर कानटोपी. हे नव्हते.

"चहा प्यायला गेला असेल," नणंद म्हणाली. टपरीवाल्याने मान हलवली आणि टेकडीकडे बोट दाखवलं. मी फाटकाकडे वळते न वळते तोच वरून शिट्टी ऐकू आली. एक. मग दुसरी. मग तिसरी.

प्लास्टिकची नव्हे, आत दाणा असलेली, पितळी. भर बाजारात शंभर शिट्ट्या वाजल्या तरी मी ती ओळखेन. ती घरी खिळ्याला असायला हवी होती. एवढं कळलं आणि मी पळत सुटले.

ती वाट कशी होती मला विचारू नका. पायऱ्या होत्या, मुळं होती, एका ठिकाणी चप्पल निघाली ती हातात घेतली. ज्या चढावर ह्यांना पाऊल टाकू दिलं नसतं तो मी गुडघ्यांच्या दुखण्यासकट चढत होते. मागून नणंद "वहिनी, हळू" म्हणत होती. मग स्ट्रेचर घेतलेले दोघे आमच्या बाजूने झपाझप पुढे गेले, एक दाढीवाला आणि एक उंच बाई. त्या रिकाम्या स्ट्रेचरकडे माझ्याने बघवेना. मनात एकच चाललं होतं. मी बसा म्हटलं तर बसायचं ना, इतके दिवस ऐकलंत, आजच्या दिवस ऐकायला काय झालं होतं.

माथ्यावर पोचले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आधी आवाज ऐकू आला.

"टोपीवाले, तुम्ही उंच आहात, तुम्ही शेवटच्या ओळीत. लहान मुलं पुढे. ढकलाढकली नको, डोंगर कुठे पळून जात नाही."

माथ्यावर कठड्यापाशी छोटीशी मोकळी जागा होती आणि पलीकडे बर्फाच्या शिखरांची लांबच लांब ओळ. आणि अलीकडे माणसांची ओळ. एक नव्हे, तीन. बुटके पुढे, मधले मध्ये, उंच मागे. कोणाच्या हातात मोबाइल, कोणाच्या कडेवर मूल. रोपवेच्या रांगेत घुसलेले ते धडधाकट गृहस्थसुद्धा मागच्या ओळीत गुपचूप उभे होते. आणि सगळ्यांसमोर, तोंडात शिट्टी धरून, गाल लालबुंद झालेले हे.

माझा जीव भांड्यात पडला. मीही पडले, म्हणजे तिथेच दगडावर बसले.

"कोण पडलंय? कोणाला लागलंय?" दाढीवाल्याने विचारलं.

"कोणी नाही पडलं," हे म्हणाले. "तुम्ही मध्ये उभे राहू नका, मुलांना दिसत नाही."

"शिट्टी कोणी वाजवली?"

"मी. सगळे कठड्याशी झोंबत होते. मागच्यांना काही दिसत नव्हतं, एक पोर तर चिरडायचं बाकी होतं. म्हणून सगळ्यांना जमा केलं."

"अहो, तीन शिट्ट्या म्हणजे संकट," उंच बाई म्हणाल्या.

"एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या वळा, तीन शिट्ट्या सगळे जमा. कुठल्याही शाळेत जाऊन विचारा."

"काका, खाली पाटी आहे."

"मग वर लावा. शिट्टी वाजणार वर आणि पाटी खाली, ह्याला काय अर्थ आहे?"

मागच्या ओळीत कोणीतरी हसलं. ह्यांनी तिकडे एक नजर टाकली, हसू थांबलं. मग त्यांची नजर माझ्यावर गेली, आणि क्षणभर मला भीती वाटली, आता बुटांकडे बघतील.

ते तरातरा माझ्याकडे आले. "चप्पल हातात का? आणि तोंडाने श्वास कशाला घेतेस, नाकाने घे. हळू."

मी नाकाने श्वास घेतला. मग मी म्हणाले, "तुम्ही वर आलात."

"हो."

"सांगून यायचं."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?" ते माझ्याशेजारी दगडावर टेकले. हळू आवाजात म्हणाले, "माझ्याहून म्हातारी बाई काठी टेकत वर गेली. म्हटलं, पहिल्या वळणापर्यंत जाऊन बघू. मग म्हटलं, पुढच्या वळणापर्यंत."

"धाप लागली?"

"लागली. घाबरलो. थांबलो." त्यांनी शिट्टी हातात फिरवली. "आणि मग धाप गेली. आपली आपण."

एवढंच बोलले. वर्षभर हा माणूस खुर्चीत का बसून होता, ते मला त्या दगडावर बसून कळलं. मी मात्र समजत होते की माझं ऐकून बसलाय.

"शिट्टी कधी घेतलीत?"

"निघताना. खिशात असू दे म्हटलं. वाजेल असं वाटलं नव्हतं."

नणंद धापा टाकत वर पोचली, भावाला धड बघून तिने आधी त्याला मिठी मारली आणि मग पाठीत एक धपाटा घातला. उंच बाईंनी माझी नाडी तपासली, कारण त्या माथ्यावर आजारी दिसणारी मी एकटीच होते. स्ट्रेचरवर झोपता का, असंही विचारलं. मी नको म्हटलं.

दाढीवाले स्ट्रेचरची घडी करत पुटपुटत होते. एवढा चढ उगाच. बिचाऱ्यांचा घाम अजून वाळला नव्हता. आणि मला माझं काम आठवलं. मी उठले, पदर सारखा केला, चप्पल पायात घातली आणि मागच्या मागे त्यांच्यापाशी गेले.

"मनावर घेऊ नका हो," मी म्हणाले. "तुम्हाला फार त्रास झाला. स्वभावच तसा आहे त्यांचा, पोटात काही नसतं." बोलता बोलता माझे डोळे वाहायला लागले आणि हसूही आवरेना. दाढीवाले पार गोंधळून गेले. म्हणाले, "असू दे काकू, असू दे, कोणाला काही झालं नाही ना, मग झालं तर."

मागून खणखणीत आवाज आला. "माफी कसली मागतेस? चूक त्यांच्या पाटीची आहे."

मी दाढीवाल्यांची पुन्हा एकदा माफी मागितली.