समितीच्या नावे आलेलं पत्र

नगरपालिकेत आलेलं प्रत्येक पत्र फोडायचं, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, नोंदवहीत उतरवायचं आणि कुणालाही वाचता यावं म्हणून खालच्या दालनातल्या टेबलावर ठेवायचं, हे काम मी एकतीस वर्षं केलं. वाचायला येणाऱ्याला नाव विचारायचं नाही, कशाला हवंय हेही विचारायचं नाही, असा आमचा स्वीडनचा नियम. आता सगळं संगणकावर गेलं. त्या टेबलाभोवती सकाळी दहाला कॉफी पीत उभी असणारी माणसंही गेली.

नव्व्याण्णव साली नवा कायदा आला. शरीर विकणारीला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला. आमच्या आधी हे कुठल्याच देशानं केलं नव्हतं, आणि समानता समितीचा अध्यक्ष होकान तर जणू कायदा त्यानंच घरी भट्टीत भाजून आणलाय असा हिंडत होता. समितीत सात जण, पाच पुरुष आणि दोन बायका. कॉफी बायकाच करायच्या, पण पाळीपाळीनं, त्यामुळे समानता होती. होकाननं पत्रक लिहिलं, मी टाइप केलं: 'शरीर विकत घेणं ही कुणाची खासगी बाब नाही. ती साऱ्या समाजाची बाब आहे.'

माणूस वाईट नव्हता. माझी आई गेली तेव्हा चर्चच्या वाटेवरचा बर्फ त्यानं एकट्यानं उपसला होता.

मार्चमध्ये तो समानतेच्या परिषदेसाठी स्टॉकहोमला गेला. महिन्याभरानं सरकारी वकिलांचा लिफाफा आला. वर लिहिलेलं: समानता समिती, अध्यक्षांसाठी. मी फोडला. परिषदेच्या दुसऱ्या संध्याकाळी अध्यक्षांनी पैसे देऊन एका बाईला गाडीत घेतलं होतं. गुन्हा कबूल केला होता. आता दंडाच्या आदेशावर सही करून पाठवायची होती.

पोलिसांनी पत्ता विचारला, तेव्हा पत्र घरी बायकोच्या, मायब्रिटच्या हाती पडू नये म्हणून त्यानं खिशातलं कार्यालयाचं कार्ड काढून दिलं होतं. दुसऱ्या कुठल्या देशातल्या नवऱ्यानं मित्राचा पत्ता दिला असता. आमच्या माणसाला सरकारी कचेरीएवढी सुरक्षित जागा सुचली नाही.

तो जिना उतरून आला तेव्हा पत्र माझ्या हातातच होतं.

"गुनवोर, ते माझं खासगी आहे. दे इकडे."

"लिफाफ्यावर समितीचं नाव आहे."

"पोलिसानं कार्डावरून उतरवलं असेल. अगं, मायब्रिट दर गुरुवारी येऊन टेबलावरचं सगळं चाळते. तीस वर्षांचा संसार आहे माझा."

"म्हणजे ही खासगी बाब आहे म्हणतोस."

"अर्थात."

मी खणातून त्याचं पत्रक काढून पुढ्यात ठेवलं. त्यानं स्वतःचं वाक्य दोनदा वाचलं.

"हे आपलं सर्वसाधारण अर्थानं लिहिलंय."

"अपवाद कुठे लिहिलाय तेवढा दाखव. मग देते."

"तुला मजा येतेय."

"थोडी येतेय," मी म्हणाले.

पण तो गेल्यावर माझाही हात थबकला. मायब्रिट माझ्या वर्गातली. पत्र लपवलं तर मीही तिला फसवण्यात सामील, आणि ठेवलं तर तिनं ते भर दालनात वाचायचं. शेवटी मी शिक्का मारला.

बुधवारी समिती बसली. होकानच अध्यक्षस्थानी. एकानं 'ग्राहकांची मानसिकता' यावर अभ्यासवर्ग घ्यावा असं सुचवलं. मग पत्र फाइलला लावावं असं ठरलं. होकाननं मत दिलं नाही, तेवढी नीती त्यानं पाळली.

गुरुवारी मायब्रिट आली. "या आठवड्याचं टपाल बघू."

मी तिला नाव विचारलं नाही. ती उभ्यानंच वाचू लागली. वाचून झाल्यावर कोटाची बटणं एकेक लावली, अगदी गळ्यापर्यंत.

"बाई कोण ही?"

"नाव नाही त्यात."

"वय?"

"तेही नाही."

"पुढे काय झालं तिचं?"

"मायब्रिट, त्याला रकानाच नाही."

"आणि समितीनं विचारलं?"

"समितीनं फाइलला लावलं."

तिनं कागद मागितला आणि माझ्याच टेबलावर लिहिलं: 'समानता समितीस. त्या बाईचं नाव काय आणि आज तिला कुणाचा आधार आहे, हे लेखी कळवावं. होकान, तुझे कपडे गॅरेजमध्ये ठेवणार आहे.'

"दोन्ही एकाच पत्रात?" मी विचारलं.

"तुला वेगळी वाटतात का?"

मला वाटली नाहीत. नोंद करून मी ते टेबलावर सगळ्यांत वर ठेवलं.

नागरिकाच्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं. दुपारी होकान कोरा कागद घेऊन माझ्यापुढे येऊन बसला. चेहरा राखेसारखा.

"काय लिहू? मी नाव विचारलंच नव्हतं."

"मग तसंच लिही."

एका ओळीसाठी त्याला पाच वाजले.