क्रोशाच्या रुमालाखाली

मित्रांनो, मी एक जुना, छोटा लॅपटॉप आहे. हसू नका! माझी मेमरी जेमतेम, बिजागरीला तांब्याची तार आवळलेली. पण मी व्हिक्टोरिया सरोवराकाठी एक पराक्रम केला आहे, आणि तो सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

कारखान्यातून मी एका शाळेत आलो. मुलं माझ्यासाठी भांडत. मग मोठे लॅपटॉप आले नि मी अडगळीत पडलो. शेवटी सरोवराकाठच्या किसुमू शहराच्या बाजारातून अदोयो नावाच्या मुलीने मला घरी नेलं, दुरुस्त केलं.

अदोयोचे बाबा रात्री होडीतून मासे धरायला जातात. गेल्या महिन्यात वादळात त्यांची होडी उलटली. ते कसेबसे पोहत आले. तेव्हा अदोयोने धक्क्यावर खांब रोवला. वर वारा मोजणारी भिरभिरी, खाली लाल दिवा नि यंत्राची पेटी. वारा पिसाळू लागला की दिवा लागणार! फक्त पेटीत प्रोग्राम घालायचा राहिला होता.

किनाऱ्याचे मुखिया ओगोलाकाका म्हणाले, "पोरी, आज होड्या सुटायच्या आत तुझं यंत्र चालू झालं तर ठीक. नाहीतर खांब उपटून वल्हं करीन!"

त्याच सकाळी अदोयोने प्रोग्राम लिहून संपवला. आता अठराशे फायली यंत्राच्या भाषेत उतरवायच्या, म्हणजे कंपाइल करायच्या. मोठ्या यंत्राला हे चहा पिण्याइतकं काम. मला पाच तास! मी कंबर कसली. अदोयो तारा जोडायला धक्क्यावर गेली.

तेवढ्यात तिची आई आली. तिच्या घरात सोफा, टीव्ही, रेडिओ, सगळ्यांवर क्रोशाचे रुमाल.

"अगं बाई, हा एकटाच उघडा? पाहुणे काय म्हणतील!" असं म्हणत तिने सगळ्यात जाड रुमाल माझ्यावर पांघरला, वर दुहेरी घडीची चादर. माझी हवेची जाळी बंद झाली. मी तापलो, धापा टाकल्या, आणि तेराशेव्या फायलीनंतर डोळे मिटले.

"आई, काय केलंस हे! गुदमरला ना तो!" उन्हं कलल्यावर परतलेली अदोयो ओरडली.

"मी तर त्याला मान दिला गं," आई रडवेली झाली.

पण मित्रांनो, झालेल्या फायली मी जपून ठेवल्या होत्या! निवल्यावर अदोयोने मला पुन्हा चालू केलं आणि मी तेराशे एकपासून धावलो. आईने शेगडीचा पुठ्ठा घेतला नि मला वारा घालू लागली.

"रोज निखारे फुलवायला वारा घालते, आज विझवायला! चल रे माझ्या राजा, थोडंच राहिलंय!"

सतराशे... अठराशे! झालं! अदोयो मला छातीशी धरून धक्क्याकडे पळाली. होड्यांचे दोर सुटत होते. प्रोग्राम पेटीत शिरला, आणि लगेच दिवा लालभडक! भिरभिरी गरगरत होती. ओगोलाकाकांनी स्वतः दोर पुन्हा बांधले. घटकाभरात सरोवर नुसतं उसळलं.

त्या रात्री बाबा घरीच जेवले. मित्रांनो, जुन्या यंत्रावर माया करा, पण त्याला श्वास घेऊ द्या. आईला आता हे पाठ आहे. ती आधी माझ्या पोटाला हात लावते, गार लागलं तरच रुमाल घालते.