गोविंदाचं रडू

सप्ताहाच्या तिसऱ्या संध्याकाळी कीर्तनात कृष्णाने सुदाम्याचे पाय धुतले आणि बाळकुमच्या देवळापुढचा अख्खा मांडव पाघळला. चांगदेव महाराजांची वाणीच तशी. घंगाळात पडणारं पाणी कानांना ऐकू यावं. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने एक हुंदका असा फुटला, की मृदंगवाल्याचा हात थबकला.

ठमाबाईने मान वर न करताच ओळखलं. तो तिचा नवरा होता.

गोविंदा लहान पोरासारखा रडत होता. खांदे गदगदत होते, नाक वाहत होतं. महाराज टाळकऱ्यांमधून वाट काढत त्याच्यापाशी आले. फार भला माणूस. त्यांचेही डोळे डबडबलेले. "बघा रे," ते म्हणाले, "आम्ही जन्मभर भाव भाव म्हणून ओरडतो. भाव म्हणजे काय, ते यांना विचारा!" आणि झोळीतून नवी कोरी तुळशीची माळ काढून त्यांनी गोविंदाच्या गळ्यात घातली. "आजपासून दारू सुटली, मासळी सुटली. कबूल?"

गोविंदाने रडत रडत मान हलवली. मांडवात विठ्ठलनामाचा गजर उसळला. लोक त्याच्या पाया पडू लागले.

माळ म्हणजे देवाला दिलेला शब्द. तो मोडणाऱ्याला बाळकुमात कुणी ओट्यावर बसवत नाही. वीस वर्षं ठमाबाईने विठोबाकडे हीच माळ मागितली होती. जमीन टॉवर बांधणाऱ्या बिल्डरला गेली, हाताचं काम गेलं आणि गोविंदा सकाळच्या चहाआधीच बाटली उघडू लागला, तेव्हापासून. आज ती माळ गळ्यात पडली आणि तिला हात जोडवेनात.

कारण तिला जे ठाऊक होतं ते मांडवात कुणालाच नव्हतं. त्याच सकाळी गोविंदा असाच रडला होता, कुकरची शिट्टी ऐकून. त्याआधी टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीला. आणि सख्ख्या चुलतभावाच्या मैताला मात्र तो पोट धरधरून हसला. लोकांनी दारू चढलीय म्हणून दंडाला धरून बाहेर काढला. घरी आल्यावर घाबऱ्या आवाजात म्हणाला होता, "ठमे, रडू येतं, हसू येतं, पण आत काय होतच नाय गं. दुसराच कोनतरी माझ्या तोंडानं रडतो."

त्याच आठवड्यात लेक दर्शना टिटवाळ्याहून आली आणि बापाला कल्याणला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, चालून दाखवायला लावलं. मग ठमाबाईला समोर बसवून सांगितलं, "आजी, दारूने मेंदूला इजा झालीय. हसण्या-रडण्याला जो लगाम असतो ना, तो सुटलाय. दारू थांबवायलाच हवी. पण घरी एकदम तोडायची नाही. इतक्या वर्षांची सवय आहे. एकदम तोडली तर फिट येते, माणूस दगावतो. इथे दाखल करा, औषधं देऊन सोडवू." गोविंदाही भेदरलेला, हो म्हणाला. सप्ताह उठला की सोमवारी जायचं ठरलं होतं.

बुधवारी ठमाबाई म्हणाली, "अहो, सोमवार कशाला? आजच जाऊ."

"माळ घातलेला माणूस मी," गोविंदा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "सकाळपासून वीस जण पाया पडून गेले. मला डॉक्टर कशाला?"

दीर म्हणाले, "वहिनी, एवढा भाव लागलाय माणसाला, आणि तुम्ही दवाखान्याचं काढता?" महाराज भिवंडीकडे गेलेले; त्या रात्री कीर्तनाला दुसरेच बुवा उभे राहिले. दर्शनाने फोनवर एकच धोशा लावला, "आई, थांबू नको. पोराचा ताप उतरला की मी निघतेच." पण गोविंदा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना.

गुरुवारी सकाळी त्याच्या हातातून चहाची बशी पडली. दुसरी दिली, तीही पडली. मग ठमाबाईने एक गोष्ट केली, जी तिने जन्मात केली नव्हती. इतकी वर्षं बाटल्या मोरीत ओतणारी ती बाई पदर डोक्यावरून घेऊन माजिवड्याच्या दुकानात गेली आणि क्वार्टर घेऊन आली. येताना शेजारच्या तुळसाने गाठलंच.

"का गं ठमे, नवरा सुधारला तो बघवत नाय का तुला? देवाच्या मानसाला दारू पाजतेस?"

ठमाबाई तशीच पुढे निघाली. घरी येऊन तिने अख्खी क्वार्टर ओतलेला पेला नवऱ्यापुढे ठेवला. "घ्या. एवढीच. दवाखान्यात पोचेपर्यंत. पाप माझं."

गोविंदाने पेल्याकडे पाहिलं, गळ्यातल्या माळेला हात लावला, आणि खदखदून हसत सुटला. हसता हसता डोळ्यांतून पाणी. डोळे मात्र भ्यालेले, आत कोंडलेल्या जनावराचे असतात तसे. पेला त्याच्याच हाताच्या धक्क्याने लवंडला.

संध्याकाळी भावांनी त्याला टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभा केला. निरूपणाला सुरुवात झाली. गोविंदा थरथरत होता, टाळ वेडेवाकडे पडत होते, आणि बायका एकमेकींना खुणावत होत्या, "बघ, अंगात आनंद मावत नाय त्यांच्या." गोविंदा मात्र मांडवाच्या कापडाकडे बघत अंगावरून काहीतरी झटकत होता.

कीर्तनात मध्ये उठायचं नाही, हे ठमाबाई आईच्या मांडीवर शिकलेली. ती उठली. बायकांच्या रांगा ओलांडून, टाळकऱ्यांच्या मधून ती थेट महाराजांसमोर गेली.

"महाराज, थांबवा."

"माऊली, काय झालं?"

"हा भाव नाय. आजार आहे. दारूनं झालाय, आणि दारू एकदम तोडली की मरतो मानूस, डाक्टरनं सांगितलंय. माझं ऐका. कुनीच ऐकत नाय."

कुणीतरी ओरडलं, "बाईला बाजूला घ्या रे!"

महाराजांनी हात वर केला. मृदंग थांबला. टाळ थांबले. वीणा थांबली. त्या शांततेत एकच जोडी वाजत राहिली, किणकिण, किणकिण, ताल ना सूर. गोविंदाचे हात थांबत नव्हते.

महाराज त्याच्या डोळ्यांत वाकून बघत राहिले. गोविंदा हसला. "महाराज, मांडवाला केवढ्या मुंग्या लागल्यात!"

महाराजांनी वर पाहिलं. कापडावर एकही मुंगी नव्हती. "गाडी काढा," ते म्हणाले.

मागच्या सीटवर गोविंदाचं डोकं महाराजांच्या मांडीवर होतं. माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नलला गाडी अडली आणि त्याचं अंग लाकडासारखं ताठ झालं, मग झटके द्यायला लागलं. महाराजांचं उपरणं फेसाने भिजलं. त्यांच्या तोंडून नामही फुटेना. ठमाबाई गोविंदाची पावलं घट्ट धरून बसली होती.

जवळच्याच दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं. तरुण डॉक्टरीणबाई वही घेऊन बाहेर आल्या. "शेवटची दारू कधी घेतली?"



"मंगळवारी," महाराज म्हणाले. "मी सोडवली."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, लिहून घेतलं आणि आत धावल्या. दार मिटलं. आतून गोविंदाचं हसू येत होतं, मोठमोठ्याने, कुठेच न थांबणारं. ज्या हसण्याने गेला महिनाभर ठमाबाईच्या अंगावर काटा येत होता, ते आता बंद पडू नये, म्हणून ती भिंतीला टेकून देवाला विनवत होती.